‘उथळ पाण्याला खळखळाट फार’ या म्हणीत ‘अ’ किती वेळा येतो?

शून्यापासून (धागाकर्ता)

मंडळी, गेले काही महिने संध्याकाळी हॅस्केल ही प्रोग्रामिंगची भाषा शिकतोय. नोकरीशी त्याचा काही संबंध नाही, निव्वळ आवड. कोडी सोडवून हात थोडा बसल्यावर वाटलं की आपल्या भाषेवर काहीतरी करून बघावं. म्हणून मराठी मजकुरात कुठलं अक्षर किती वेळा येतं ते मोजणारा प्रोग्राम लिहिला. मोठ्या फाइलवर चालवण्याआधी हातानं पडताळता येईल असं एक छोटं वाक्य घेतलं: ‘उथळ पाण्याला खळखळाट फार’.

प्रोग्रामचं उत्तर: जागा सोडून एकूण २० चिन्हं. काना ५, ळ ३, ख २, बाकी उ, थ, प, ण, य, ल, ट, फ, र आणि पायमोडका हलन्त प्रत्येकी १. बेरीज जुळते.

पण ‘अ’ शून्य. एकदाही नाही!

वाक्य मोठ्यानं वाचून बघा. थ मध्ये अ आहे, ख मध्ये आहे. शाळेत आपण क् + अ = क असंच शिकलो. संगणकाच्या लेखी मात्र अ तेव्हाच असतो, जेव्हा तो ‘अननस’च्या सुरुवातीसारखा उघड लिहिलेला असतो. मग मराठीतला सर्वात जास्त वापरला जाणारा स्वर कोणता, या प्रश्नाचं उत्तर या पद्धतीनं निघणारच नाही.

तर प्रश्न असा: ‘अक्षर’ मोजायचं म्हणजे नेमकं काय मोजायचं? ज्यांनी असलं काही केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

वाचनमात्र

वाखूसा (वाचनखूण साठवली). चहा घेऊन बसतो.

तिरकीरेघ

पायथनमध्ये हे चार ओळींचं काम आहे. फाइल उघडा, काउंटरला द्या, छापा. हॅस्केलचा अट्टहास कशासाठी, हे प्रामाणिकपणे विचारतोय. आणि अ चं म्हणाल तर जे लिहिलंय तेच मोजा. जे लिहिलेलंच नाही ते मोजायला लागलात तर शेवट कुठे?

ठोकताळा

तिरकीरेघ, ‘जे लिहिलंय ते’ हेसुद्धा वाटतं तितकं सरळ नाही. ‘विद्यार्थी’ घ्या. कागदावर तीन अक्षरं: वि, द्या, र्थी. कोडपॉइंट, म्हणजे संगणकाच्या लेखी सुटी चिन्हं, दहा. यूटीएफ-८ या पद्धतीनं साठवला तर प्रत्येक देवनागरी चिन्हाला तीन बाइट, म्हणजे तीस. तीन, दहा, तीस, आणि तिन्ही बरोबर.

पुढची अडचण याहून वाईट. ‘दऱ्या’ मधला रफार दोन तऱ्हांनी टंकता येतो. एक, वेगळं चिन्ह ऱ घेऊन त्याला हलन्त आणि य. दुसरी, साधा र, हलन्त, मध्ये न दिसणारा जोडक आणि मग य. पडद्यावर फरक कळत नाही, मोजणीत मात्र दोन वेगळे शब्द होतात. ॲ चंही तेच. त्याचं स्वतंत्र चिन्ह २००८ साली युनिकोड (सगळ्या लिप्यांच्या चिन्हांची प्रमाण यादी) ५.१ मध्ये आलं. त्याआधीच्या मजकुरात अ वर चंद्र देऊन काम भागवलेलं असतं. युनिकोडचं प्रमाणीकरण चालवलं तरी या दोन्ही जोड्या एक होत नाहीत, आपणच बदलून घ्याव्या लागतात. धागाकर्त्यांनी मोठ्या फाइलला हात लावण्याआधी ही साफसफाई करून घ्यावी.

शून्यापासून

ठोकताळा, मनापासून आभार. रफाराचं माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. आत्ता तपासलं, माझ्या फाइलमध्ये दोन्ही तऱ्हा आहेत.

तिरकीरेघ, प्रश्न रास्त आहे. हॅस्केलमध्ये फंक्शन लिहायच्या आधी त्याचा प्रकार लिहायची सवय लागते: आत काय जाणार, बाहेर काय येणार. मी लिहिलं, ‘अक्षरांची यादी आत, तक्ता बाहेर’. आणि तिथेच अडलो, कारण अक्षर हा प्रकार मला सांगता येईना. पायथनमध्येही प्रश्न तोच राहिला असता, पण मला तो इतक्या लवकर दिसला नसता.

रिकामी_यादी

मोजणी कशी केलीत? फोल्ड (यादीतून एकेक घेत उत्तर साठवत जाणं) वापरला असणार. मोठ्या फाइलवर मेमरी फुगली का? माझी फुगली होती म्हणून विचारते.

शून्यापासून

फुगली! आणि दोनदा फुगली. आधी साधा फोल्डएल, म्हणजे डावीकडून चालणारा फोल्ड, वापरला होता. हॅस्केल आळशी असल्यामुळे तो कुठलीच पायरी लगेच पुरी करत नाही, ‘हे नंतर करायचंय’ अशी चिठ्ठी लिहून पुढे जातो. लाखो चिन्हांच्या लाखो चिठ्ठ्या. पुस्तकात उपाय होता, फोल्डएल प्राइम (पायरी लगेच पुरी करणारा) वापरा. वापरला. तरी मेमरी चढतच होती, आणि दोन संध्याकाळी मला कारण सापडेना.

रिकामी_यादी

कारण तक्त्याच्या आत आहे. फोल्डएल प्राइम तक्ता ताजा ठेवतो, पण तक्त्यातल्या आकड्यांकडे बघत नाही. काना या नोंदीपुढे ५ नसतो, १ + १ + १ + १ + १ असं न सोडवलेलं गणित असतं. मॅपची, म्हणजे या तक्त्याची, स्ट्रिक्ट (आकडे लगेच सोडवणारी) आवृत्ती घ्या, एका ओळीचा बदल आहे. मला हे कळायला आठवडा लागला होता, तुमची तिसरी संध्याकाळ वाचावी म्हणून लगेच लिहिलं.

शून्यापासून

ताई, बदललं आणि मेमरीचा आलेख सपाट झाला. काय आनंद झालाय म्हणून सांगू!

जुना_कंपोझिटर

मला हॅस्केल कळत नाही, पण अक्षरं मोजण्यात हयात गेली म्हणून लिहितो. छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचो तेव्हा कुठला खिळा किती लागतो हे हाताला ठाऊक असायचं. आमच्या केसमध्ये, म्हणजे खिळ्यांच्या खणांच्या पेटीत, काना वेगळा, आणि तो पहिला संपायचा. पान अर्धं जुळलं की कान्याचं घर रिकामं व्हायला लागे, मग सुटलेल्या मजकुरातून परत भरायचं. तुमच्या प्रोग्रामनं काना पहिला आणला ते वाचून बरं वाटलं, माझी बोटंही हेच सांगतात.

पण अ बद्दल तुम्ही म्हणता ते खरं. अ ला आमच्याकडे उघडा अ सोडून दुसरा खिळा नव्हता, कारण तो दाखवायला काही जुळवावं लागत नाही. काहीच न जोडणं हीच त्याची खूण. पोकळी कशी मोजणार?

ठोकताळा

काका, ‘काहीच न जोडणं हीच त्याची खूण’ हे वाक्य थेट नियम म्हणून लिहिता येतं. व्यंजनानंतर हलन्त नाही आणि स्वरचिन्हही नाही, तर तिथे अ.

त्या म्हणीत लावून बघितलं: थ, ळ, ख, ळ, ख, ट, र यांपैकी ज्यांना काही लागलेलं नाही असे. उथळमध्ये थ आणि ळ. खळखळाटमध्ये ख, ळ, ख, ट. फारमध्ये र. एकूण ७. काने ५. म्हणजे शून्यावर असलेला अ एका झटक्यात पहिला आला.

तिरकीरेघ

मान्य, हे बघून मत थोडं हललं. पण मग पुढचा प्रश्न मी विचारतो. ‘फार’ आपण ‘फार्’ असा म्हणतो. र मधला अ कोण उच्चारतं? तो मोजलात तर लिहिलेलाही नाही आणि बोललेलाही नाही असा स्वर मोजलात की.

लघुगुरू

तिरकीरेघ, कवितेत उच्चारतात. वृत्तात चालवायचं झालं तर फार म्हणजे गुरू आणि लघु, तीन मात्रा. र ची एक मात्रा पुरी धरतात, तिला सूट नाही. तुमची अख्खी म्हण मोजली तर ३ + ६ + ६ + ३ = १८ मात्रा होतात. तेव्हा ७ हा आकडा कागदाचाही आहे आणि वृत्ताचाही. बोलण्याचा वेगळा निघेल.

अवांतर: मात्रांचा विषय निघालाच आहे तर फंक्शनलवाल्यांसाठी एक कोडं. लघु एक मात्रेचा, गुरू दोन मात्रांचा. एका मात्रेची रचना १. दोनांच्या २: लल, ग. तीनांच्या ३: ललल, लग, गल. चारच्या ५. पुढे ८, १३, २१, ३४. शेवटचा लघु असेल तर आधी एक मात्रा कमी, गुरू असेल तर दोन कमी, म्हणून मागच्या दोन पदांची बेरीज. जैन पंडित हेमचंद्रानं हा नियम ११५० च्या सुमारास सांगितला. ही मालिका ज्याच्या नावानं ओळखतात त्या फिबोनाचीचा ग्रंथ त्यानंतरचा, १२०२ चा.

आता कोडं. सोळा मात्रांच्या ओळी १,५९७. पण पादाकुलक या वृत्तासारखी ओळ आठ-आठ अशी मधोमध तुटते. मधल्या रेघेवर गुरू आडवा बसता कामा नये. अशा ओळी किती?

रिकामी_यादी

३४ × ३४ = १,१५६. दोन्ही अर्धे स्वतंत्र.

आणि १,५९७ मधून १,१५६ गेले तर ४४१ उरतात, म्हणजे २१ × २१! ज्या ओळीत गुरू रेघेवर आडवा आहे तिथे डावीकडे सात मात्रा उरतात, उजवीकडे सात, आणि सात मात्रांच्या रचना २१. सुरेख आहे हे. एवढा वेळ फिबोनाचीची ही सूत्रं मी पाठ करत आले, आज एक गुरू रेघेवर बसलेला दिसला आणि सूत्र कळलं.

तुमच्या त्या नियमाची यादी हॅस्केलमध्ये स्वतःच्याच आधारे लिहिता येते: यादी आणि तीच यादी एक घर सरकवून, दोघींची बेरीज. न संपणारी. लागेल तेवढीच पुढे होते, आळसाचा हा खरा फायदा.

लघुगुरू

अगदी बरोबर! आणखी एक सांगते. गण, म्हणजे लघु-गुरूंचे तीन-तीन अक्षरांचे गट, आठवण्याचं सूत्र ‘यमाताराजभानसलगा’. लघुला ०, गुरूला १ मानून लिहा: ०१११०१०००१. आता कुठलीही सलग तीन घ्या: ०११, १११, ११०, १०१, ०१०, १००, ०००, ००१. आठही गण एकेकदा, एकही दुबार नाही. दहा अक्षरांत आठ गण बसवले आहेत.

रिकामी_यादी

याला गणितात डी ब्रॉइन अनुक्रम म्हणतात, १९४६ च्या त्याच्या लेखावरून. शेवटची दोन अक्षरं पहिल्या दोघांसारखीच आहेत, ती काढून वर्तुळ केलं की आठ घरांचं चक्र मिळतं. गंमत अशी की तीन-तीनच्या गटांसाठी अशी चक्रं फक्त दोनच आहेत. चार-चारच्या गटांसाठी सोळा.

सातपायऱ्या

कोड्यांचा धागा आणि कापरेकरांचं नाव नाही? देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नकोत. मोठ्यापासून लहान मांडा, उलटे मांडा, वजा करा. ३५२४ घेतली: ५४३२ − २३४५ = ३०८७. मग ८७३० − ०३७८ = ८३५२. मग ८५३२ − २३५८ = ६१७४. आता ७६४१ − १४६७ केलं की पुन्हा ६१७४. कुठूनही निघा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तिथेच पोहोचता.

हा प्रोग्राम प्रत्येकानं लिहून बघावा. मी लिहिला तेव्हा १००० ला उत्तर शून्य आलं आणि वाटलं, सिद्धान्तच चुकला! १००० − ०००१ = ९९९. माझा प्रोग्राम ९९९ ला तीन अंकी समजला आणि ९९९ − ९९९ करून मोकळा झाला. ती ०९९९ आहे. ९९९० − ०९९९ = ८९९१, मग ८०८२, ८५३२, ६१७४. पाच पायऱ्या.

शून्यापासून

सातपायऱ्या, हे तर माझ्याच प्रश्नाचं भावंडं. तुम्ही संख्या हाताळत होतात, हवी होती चार अंकांची यादी. मी चिन्हं मोजत होतो, हवी होती अक्षरं.

आणि दहा हजार संख्या तपासायची गरज नाही बहुतेक. अंक उतरत्या क्रमानं क, ख, ग, घ असतील तर वजाबाकी ९९९ × (क − घ) + ९० × (ख − ग). फक्त दोन फरक महत्त्वाचे. पहिला १ ते ९, दुसरा ० पासून पहिल्यापर्यंत. म्हणजे पहिल्या पायरीनंतर अवघ्या ५४ संख्या उरतात.

सातपायऱ्या

वा! ५४ तर वहीत हातानं होतील. आज रात्रीच बसतो.

वाचनमात्र

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

ठोकताळा

मूळ विषयाकडे. इतिहासातला एक दाखला इथे नेमका लागू पडतो. रशियन गणिती मार्कॉव्हनं १९१३ साली पुश्किनच्या ‘येवगेनी ओनेगिन’ या पद्य कादंबरीतली २०,००० अक्षरं मोजली, तीही हातानं. स्वर ८,६३८, व्यंजनं ११,३६२. स्वरानंतर पुन्हा स्वर येण्याची शक्यता त्यानं ०.१२८ काढली, व्यंजनानंतर स्वर येण्याची ०.६६३. आज ज्याला मार्कॉव्ह साखळी (पुढे काय येणार हे आत्ताच्यावर ठरवणारी) म्हणतात तिचा भाषेवरचा हा पहिला प्रयोग. पण मोजायला बसण्याआधी त्यानं एक ठरवून टाकलं होतं: रशियन लिपीतली कठोर आणि मृदू ही दोन उच्चारचिन्हं मोजायची नाहीत, कारण त्यांना स्वतःचा आवाज नाही. आपल्या हलन्ताबद्दल हाच निर्णय घ्यावा लागेल.

आणि ज्यांना कागदावरची अक्षरं हवी आहेत त्यांच्यासाठी: २०२३ च्या युनिकोड १५.१ पासून क्ष, द्या असली जोडाक्षरं एकच अक्षरगट म्हणून तोडायचा नियम आला आहे. तुमची लायब्ररी त्याआधीची असेल तर ती हलन्तापाशी कापेल.

तिरकीरेघ

मग उच्चारी अ साठीही नियम हवा. शेवटचा अ गाळा एवढं पुरेल का?

रिकामी_यादी

नाही पुरत. मधलाही गळतो. ढोबळ नियम असा: शेवटचा अ गाळा. मग ज्या अ च्या आधी स्वर-व्यंजन आणि नंतर व्यंजन-स्वर असेल तो गाळा.

आता दिशेची गंमत बघा. ‘आवडती’ घ्या. डावीकडून निघालात तर आधी व मधला अ सापडतो, तो गळतो आणि ‘आव्डती’ होतं. असं कुणी बोलत नाही. उजवीकडून निघालात तर आधी ड मधला गळतो, त्यामुळे व च्या पुढे जोडव्यंजन येतं आणि त्याचा अ वाचतो: ‘आवड्ती’. बरोबर! म्हणजे हा फोल्ड उजवीकडूनच घालायला हवा. फोल्डआर (उजवीकडून चालणारा फोल्ड) कशासाठी असतो असं कुणी विचारलं की मी आता हेच उदाहरण देते.

शून्यापासून

लिहिला! म्हणीवर चालवला. उत्तर ३. हातानं मोजलं: ‘उथळ् पाण्याला खळ्खळाट् फार्’. थ, ख, ख. तीनच. जुळलं!

लघुगुरू

भाऊ, आकडा नको, शब्द छापून दाखवा ना. खळखळाटचं काय केलं त्यानं?

शून्यापासून

बरं झालं विचारलंत. छापलं तर ‘खळख्ळाट्’ असं आलं.

आकडा ३ बरोबर, पण मोजलेले अ थ, ख आणि ळ मधले. दुसऱ्या ख मधला गाळला आणि ळ मधला ठेवला. एक चूक दुसरीनं झाकली. नुसती बेरीज बघून मी मोठ्या फाइलकडे वळणार होतो.

नियम उजवीकडून नीट चाललाय, चूक शब्दाच्या घडणीत आहे असं वाटतं. खळ हा तुकडा दोनदा आलाय. एकच तुकडा लागोपाठ दोनदा दिसला तर आधी तिथे शब्द तोडायचा, असं करून बघतो.

*(थोड्या वेळानं)* झालं. खळखळाट, गडगडाट, कडकडाट, लखलखाट सगळे नीट.

जुना_कंपोझिटर

झगमगाट?

शून्यापासून

काका, अडला. ‘झगम्गाट्’ म्हणतोय. झग आणि मग वेगळे, तुकडा दुबार नाहीच.

ठोकताळा

किलबिलाट, चिवचिवाट दोन्ही ठीक येतात माझ्याकडे. तिथे दुसऱ्या तुकड्यात इ आहे, गाळायला अ च नाही.

लघुगुरू

तुकडे शोधत बसू नका. शब्द कसा झाला ते बघा. आधी झगमग, मग त्याला आट. तेव्हा आधी ‘आट’ सोडवून बाजूला ठेवा, उरलेल्या ‘झगमग’ला नियम लावा, आणि मग आट परत जोडा. खळखळलाही तेच लागू.

शून्यापासून

झगमग → झग्मग् → झग्मगाट्. खळखळ → खळ्खळ् → खळ्खळाट्. दुबार तुकड्यांचा नियम काढून टाकला, त्याची गरजच उरली नाही. सपाट आणि कपाट यांनाही धक्का लागत नाही, तेही तपासलं.

आता तीन वेगळे प्रकार केलेत: चिन्ह, लिखित अक्षर, उच्चारी ध्वनी. तिघांचे तीन तक्ते. एकाचा आकडा चुकून दुसऱ्यात टाकायला गेलो तर प्रोग्राम तयारच होत नाही. या म्हणीपुरता निकाल, अ विरुद्ध आ: चिन्हांत ० विरुद्ध ५, लिखितात ७ विरुद्ध ५, उच्चारात ३ विरुद्ध ५. एकाच वाक्यात अ हरतो, जिंकतो आणि पुन्हा हरतो.

तिरकीरेघ

तिन्ही तक्ते द्या, एकच देऊ नका. सुरुवातीला मीच ‘लिहिलंय तेच मोजा’ म्हणालो होतो, ते मागे घेतो. आणि शब्द मोजायला घ्याल तेव्हाही जपा. घर, घरात, घराला, घरातून, घरापासून हे पाच शब्द धरायचे की एक? झिफचा नियम (थोडे शब्द वारंवार, बाकीचे क्वचित येतात) तपासायला जाल तर एकेकदाच येणाऱ्या शब्दांची शेपटी त्यावरच लांबते.

सातपायऱ्या

५४ ही झाल्या वहीत. सगळ्या ६१७४ ला पोहोचल्या.

रिकामी_यादी

शून्यापासून, ‘सळसळणारा’ टाकून बघा. यात आट नाही.

शून्यापासून

टाकला. उजवीकडून: णा राहिला, त्याआधीच्या ळ चा अ गळला, स चा वाचला, पहिल्या ळ चा गळला. ‘सळ्सळ्णारा’. मोठ्यानं म्हणून बघितलं, बरोबर आहे. आता रफार एकसारखे करून मोठी फाइल लावतोय.